जुनी बुलेट घरच्या घरी उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर वडिलांची १९७४ ची बुलेट ३५० सिडकोतल्या घराच्या पार्किंगमध्ये खोलून पुन्हा उभी केली. तेव्हापासून रविवारी सकाळी कुणी ना कुणी फाटकाशी येतं, "काका, आमच्याकडे पण एक पडलीय." प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. इथलं बहुतेक सगळं सी.बी. पॉइंटवाल्या (म्हणजे उघड-बंद होऊन प्लगची ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या), उजव्या पायात गिअर असलेल्या जुन्या बुलेटबद्दल आहे. टू-स्ट्रोकवाल्यांसाठी खाली थोडं वेगळं लिहिलंय.

आजोबांची बुलेट पंधरा-वीस वर्षं उभी आहे. बॅटरी लावून किक मारून बघू का?

नका मारू. पिस्टनची कोरडी रिंग गंजलेल्या ब्लॉकवर (पिस्टन ज्यात सरकतो ते सिलेंडर) घासली, तर फुकट वाचणारा ब्लॉक बोअरिंगला, म्हणजे आतून नव्याने कातायला जातो. आधी प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे सरकवून बघा. हललं तर हळूहळू दोन-चार फेरे होऊ द्या. नाही हललं तर जोर करू नका. आणखी तेल सोडा आणि आठवडाभर विसरून जा. आमची पाचव्या दिवशी सुटली, ती पण दुपारी चहाच्या वेळेला, मी नुसता जाता जाता हात लावला तेव्हा.

मग तेल. या बुलेटची तेलाची टाकी इंजिनच्या खोक्यातच, मागच्या बाजूला असते. गाडी बरीच वर्षं उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या कप्प्यात उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस वरून आणखी तेल ओततो, आणि गाडी सुरू झाली की सायलेन्सरमधून गल्लीभर धूर. म्हणून खालचे दोन्ही ड्रेन प्लग उघडून सगळं काढून टाका आणि मगच नवीन भरा. साधारण सव्वादोन लिटर लागतं, २०डब्ल्यू-५० चालतं. गाडी सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात रॉकरकडे (वर हेडमध्ये व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडे) जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बोल्ट किंचित सैल करा. तिथून तेल पाझरलं पाहिजे. नाही पाझरलं तर लगेच बंद करा. हिच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, रोलर नसून बुश असतो, तेलाशिवाय तो फार वेळ तग धरत नाही.

सगळी गाडी एकदाच खोलून टाकावी का?

माझं मत, नाही. नाशिकमध्ये अशा कितीतरी गाड्या मी गोणीत पाहिल्यात. लोक उत्साहाने दसऱ्याला खोलतात, दिवाळीनंतर उत्साह ओसरतो आणि पार्ट्सची सरमिसळ होते. आधी गाडी आहे त्या रूपात सुरू करा, थोडी चालवा, काय वाजतंय आणि काय गळतंय ते ऐका, बघा. मग एकेक विभाग घ्या. रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी.

पाने कुठले लागतात? माझ्याकडे मिलीमीटरचा पूर्ण सेट आहे.

तो पुरणार नाही. जुन्या बुलेटला बऱ्याच ठिकाणी ब्रिटिश मापाचे, म्हणजे व्हिटवर्थ आणि बीएसएफ आट्यांचे नट असतात, आणि मधल्या काळात कुठल्या तरी मेकॅनिकने दोन-चार ठिकाणी मिलीमीटरचे घुसवलेले असतात. मिलीमीटरचा पाना 'बसल्यासारखा' वाटतो, जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. तुमच्या गाडीचे कोपरे आधीच गोल असतील, तर हे कुणाच्या हातून झालं ते आता तुम्हाला कळलं असेल. व्हिटवर्थचे जुने पाने भंगार बाजारात किलोवर मिळतात आणि नव्यापेक्षा बरे निघतात. याशिवाय फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), चांगला स्क्रू ड्रायव्हर आणि साधा मल्टिमीटर. फिलर गेज नसेल तर पुढचं वाचू नका, आधी तो आणा.

टाकी आतून गंजली आहे. टॉयलेट साफ करायचं अॅसिड टाकतात म्हणे?

टाकतात. मी पण टाकलं होतं. रात्रभर ठेवलं आणि सकाळी टाकीच्या खालच्या शिवणीतून थेंब पडत होते. ते अॅसिड गंज खातं आणि मग खालचा पत्राही खातं, कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही.

किराणा दुकानात लिंबूसत मिळतं, म्हणजेच सायट्रिक अॅसिड. लिटरला ७०-८० ग्रॅम या हिशेबाने कोमट पाण्यात विरघळवा. नळ आणि झाकण काढून नळाच्या भोकाला बूच लावा, टाकी गळ्यापर्यंत भरा आणि एक दिवस ठेवा. मोठे पोपडे असतील तर आधी मूठभर स्क्रू घालून टाकी गोधडीत गुंडाळून हलवा (आणि नंतर स्क्रू मोजून बाहेर काढा!). पाणी काळपट-हिरवं होतं, घाबरू नका. ओतून टाकलं की लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळा, मग साध्या पाण्याने, आणि त्याच क्षणी हेअर ड्रायरने वाळवा. दहा मिनिटं जरी ओली राहिली, तरी तांबूस थर पुन्हा चढतो. वाळली की थोडं ऑइल आणि पेट्रोल टाकून आतून फिरवून घ्या.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. भोक पडलेली टाकी स्वतः वेल्डिंगला धरू नका. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. ज्याला टाकीचं काम येतं त्याच्याकडेच द्या, आणि तो पाणी न भरता काम सुरू करत असेल तर तिथून निघून या.

टायमिंग घरी लावता येतं का? मेकॅनिक तर कानानेच लावतो.

येतं, आणि कानापेक्षा चांगलं लागतं. टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते. कानाने लावणारे जुने लोक खरंच होते, पण त्यांच्या कानामागे हजारभर बुलेट होत्या. आपल्या कानामागे एक.

क्रम महत्त्वाचा. आधी पॉइंटची गॅप, मग टायमिंग. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग आपोआप पुढे सरकतं. टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावलात तर सगळं पहिल्यापासून. पॉइंट पूर्ण उघडलेला असताना गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. पाहिजे. पॉइंटच्या तोंडावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड दिसत असेल तर कंडेन्सरवर (पॉइंटला जळण्यापासून वाचवणारा पार्ट) संशय घ्या. पॉइंट घासून साफ करा, नंतर पेट्रोलच्या चिंधीने पुसा. पॉलिश पेपरचा एक कण जरी मध्ये राहिला तरी गाडी सुरू होत नाही आणि आपण तीन दिवस कार्बोरेटर खोलत बसतो.

टायमिंगसाठी प्लग काढा, टॉप गिअर टाका, मागचं चाक फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी वर आणा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात तो फेरा. प्लगच्या भोकातून सायकलच्या चाकाची स्पोक सोडून पिस्टन कुठे वर थांबतो ते हाताला कळतं. स्पोक हातातच धरा. भोक तिरकं आहे, म्हणून ती आत अडकू शकते आणि त्याच तिरकेपणामुळे स्पोकवर मोजलेलं माप थोडं फसवतं. मी जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं काढून त्यात सरळ सळई बसवली. टूलरूमची खोड, दुसरं काय.

आता चाक थोडं उलटं न्या आणि पुन्हा पुढे आणा, म्हणजे गिअर आणि चेनमधली ढिलाई निघून जाते. पॉइंटच्या मध्ये सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून हलका ओढत राहा. ज्या क्षणी कागद सुटतो त्या क्षणी ठिणगी पडते. बुलेट ३५० ला हा क्षण पिस्टन सगळ्यात वर पोचण्याआधी साधारण ०.८ मि.मी. असावा, म्हणजे एका इंचाचा बत्तिसावा भाग. अॅडव्हान्स युनिट (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारा भाग) पूर्ण मागे असताना. कागद लवकर किंवा उशिरा सुटला तर डिस्ट्रिब्युटरचे (पॉइंट ज्यात बसतात त्या डबीचे) नट सैल करून तो केसभर फिरवा, परत बघा. पहिल्यांदा मला हे करायला तीन तास लागले. तो कागद माझ्या बोटातून सुटल्याचं जाणवलं, तेव्हा मी नकळत "अरे!" म्हणालो आणि आतून बायको विचारत होती, काय लागलं का.

हात लागलाच आहे तर डिस्ट्रिब्युटरमधला कॅम बोटाने थोडा पिळून सोडा. तो स्प्रिंगने चटकन परत आला पाहिजे. आळसावून परत येत असेल तर अॅडव्हान्सची वजनं चिकटली आहेत. साफ करा, एक थेंब तेल द्या. थेंबच.

किक उलटी बसते. पाय सुजला. काय चुकतंय?

दोनपैकी एक. टायमिंग फार पुढे आहे, किंवा किक चुकीच्या जागी मारताय. बुलेटची किक जोरावर नसते, अँमीटरवर (करंट दाखवणाऱ्या काट्यावर) असते. चावी लावा आणि किक सावकाश दाबत जा. पॉइंट बंद असताना काटा मायनसकडे झुकतो. पुढे गेल्यावर किक कडक लागते, तिथे थांबा. आता डीकॉम्प्रेसर (इंजिनमधला दाब सोडणारी छोटी दांडी) ओढून किक अगदी थोडी पुढे सरकवा, काटा मध्यावर येईपर्यंत. डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण लांबीची मारा. अर्धवट मारलेली किकच उलटी येते. चपला घालून मारू नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

टॅपेट किती ठेवायचे?

थंड इंजिनवर फट शून्य. पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला वर ढकलणारा दांडा) दोन बोटांनी गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. गरम इंजिनवर लावू नका.

कार्बोरेटर नाशिकसाठी वेगळा लावावा लागतो का? उंचीमुळे?

हा प्रश्न मुंबईहून गाडी आणणारे विचारतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. त्याने मिश्रण किंचित श्रीमंत होतं, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त. पण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मोजलेलं भोक) मिश्रण गरीब होतं, म्हणजे पेट्रोल कमी. एक वर ओढतो, दुसरा खाली. नुसत्या उंचीसाठी जेट बदलण्याची गरज मला कधी पडली नाही. इथेनॉलसाठी मात्र मेन जेट एक नंबर वर घ्यावा लागला.

माझ्या गाडीला मधल्या काळात कुणीतरी मिककार्ब जातीचा कार्बोरेटर बसवलेला आहे. तसा असेल तर इतकं लक्षात ठेवा: थोडक्या थ्रॉटलला पायलट जेट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊण थ्रॉटलला सुई, त्यापुढे मेन जेट. तक्रार कुठल्या थ्रॉटलला आहे ते आधी ठरवा, मगच त्या पार्टला हात घाला. मुठीवर आणि बॉडीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. दिसायला वेडेपणा, पण डोक्यातला निम्मा गोंधळ तिथेच संपतो. एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सोडा आणि इंजिन गरम झाल्यावर पाव-पाव फेऱ्याने फिरवत जिथे आरपीएम सगळ्यात वर जातं तिथे थांबा. आवळला की मिश्रण श्रीमंत, सोडला की गरीब. नंतर प्लगचा रंग बघा: चहाच्या दुधाळ तपकिरीसारखा असेल तर बरं, काजळी असेल तर श्रीमंत, पांढरा पडला असेल तर गरीब, आणि पांढऱ्या प्लगवर कसारा घाट चढू नका.

इथेनॉल जुन्या रबराला आणि नळातल्या बुचाच्या वॉशरला फुगवतं, पाणीही ओढून घेतं. पेट्रोलची नळी नवी टाका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर नळ बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालू ठेवा.

ब्लॉक बोअर करायची वेळ आली हे कसं कळतं?

डीकॉम्प्रेसरला हात न लावता किकवर पूर्ण वजन टाकून उभे राहा. क्षणभर तरी ती तोलून धरते का? लगेच खाली गेली तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा बघा. आता तोलून धरली तर रिंग-बोअर झिजलंय. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह गळतायत, हेड उतरवून पेस्टने लॅपिंग करा (व्हॉल्व्ह त्याच्या जागेवर घासून बसवा), आणि पोर्टमध्ये डिझेल ओतून व्हॉल्व्हच्या कडेने झिरपतंय का ते बघा.

सातपूर-अंबडकडे बोअरिंगवाल्यांची कमी नाही. नवा पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकसोबत द्या, म्हणजे बोअर त्या पिस्टनच्या मापाला होतं. "साइज सांगा, करून ठेवतो" म्हणणाऱ्याकडे देऊ नका. घरी आल्यावर रिंग एकटीच ब्लॉकमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडाची फट मोजा. ७० मि.मी.च्या बोअरला ०.३ मि.मी.च्या आसपास हवी.

तेल गळतं.

हो.

(ठीक आहे, थोडं सांगतो. दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करा, गॅस्केट नवं टाका, बोल्ट एकाआड एक आवळा. आणि ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनमधली हवा बाहेर सोडणारी नळी, तुंबलीय का ते आधी तपासा. निम्मं गळणं तिथूनच असतं.)

सहा व्होल्टचं बारा व्होल्ट करू का?

रात्री हायवेला चालवणार असाल तर करा, पण अर्धवट नको. बॅटरी, बल्ब, हॉर्न, कॉइल, रेक्टिफायर-रेग्युलेटर सगळं एकत्र बदलायचं. मी सहाच ठेवलं. सहा व्होल्टवर तितक्याच वॉटला दुप्पट करंट लागतो, त्यामुळे गंजलेल्या एका अर्थ पॉइंटवर (वायर बॉडीला जोडलेली जागा) दिवा मिणमिणतो. लोक दोष सहा व्होल्टला देतात, असतो तो गंजाला. मी प्रत्येक अर्थची जागा पत्रा दिसेपर्यंत घासली आणि दिवा दुप्पट उजळला, हेडलाइटच्या बाजूचे छोटे टायगर लॅम्पसुद्धा. वायरिंग काढण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे त्याचा फोटो घ्या. काही जुन्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो.

पार्ट्स कुठे मिळतात?

नेहमीचे इथेच, शहरात. बुलेटचं भाग्य असं की तिचं इंजिन कित्येक वर्षं फारसं बदललं नाही. जुनं, अस्सल हवं असेल तर मी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला चोर बाजारात जातो. जुना पार्ट सोबत न्या, फोटोवर विश्वास नको. अवघड पार्ट्ससाठी लोक दिल्लीच्या करोल बागेतून मागवतात. जुना पार्ट फेकू नका, नवा बसून पाचशे किलोमीटर होईपर्यंत तरी.

क्रोम आणि रंग कधी करावा?

क्रोमला द्यायचा प्रत्येक तुकडा मोजा, फोटो काढा आणि यादीवर सही घ्या. एका ठिकाणी माझ्या सायलेन्सरचा क्लँप हरवला आणि "आलाच नव्हता" असं ऐकून घ्यावं लागलं. बफिंगवाल्याला सांगून ठेवा की नंबर असलेल्या जागेला चाक लावायचं नाही.

रंग पावसाळ्यात करू नका. हवेतल्या दमटपणाने काळ्या रंगावर पांढरट झाक येते. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत नाशिकची कोरडी हवा याला सोन्यासारखी. टाकीवरच्या सोनेरी रेघांसाठी स्टिकर मिळतात, पण मी मेन रोडच्या बाजूला नंबर प्लेट रंगवणाऱ्या एका वयस्कर पेंटरला घरी बोलावलं. त्यांनी श्वास धरून एका दमात एक रेघ ओढली. डावी रेघ उजवीपेक्षा जराशी जाड आहे. ती तशीच ठेवली.

कागदपत्रांचं काय? गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे.

पेठ रोडच्या आरटीओत जावं लागेल. मालक वारल्यावर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१, नोंदणीचं नूतनीकरण करायला फॉर्म २५, त्यात गाडीची तपासणी. पर्यावरण कर, विमा, पीयूसी वेगळे. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट पण लागते. चेसिस आणि इंजिन नंबर आरसी पुस्तकाशी जुळतात का ते पैसे खर्च करण्याच्या *आधी* बघा. जुळत नसतील तर मी त्या गाडीला हात लावत नाही, कुणाचीही असो.

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर घेता येतो. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे ५,०००. पण अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेंपुरतीच. माझी त्यात बसते. मी घेतली नाही. मला सोमवारी त्र्यंबकला जायचं असतं.

येझदी, राजदूत, आरएक्स १०० ला हेच लागू होतं का?

टाकी, वायरिंग, कागद, हो. इंजिन, नाही. टू-स्ट्रोकला क्रँकचे ऑइल सील हवा ओढू लागले की मिश्रण गरीब होतं आणि कार्बोरेटर कितीही लावा, गाडी न्यूट्रलला आपोआप आरपीएम चढवते. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे सील सरळ बदला. येझदीला किकचाच दांडा गिअरचं काम करतो, तो आत दाबून वर घेतला की किक होते. शेजाऱ्याला चालवायला देण्याआधी हे सांगा. सायलेन्सरच्या आतली काजळी काढल्याशिवाय टायमिंगला हात लावू नका.

किती दिवस लागतात?

मला चौदा महिने. त्यातले चार महिने एका पाइपची वाट बघण्यात गेले.

पहिली फेरी कुठे मारावी?

जवळच. मी पहाटे गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत गेलो, ५० च्या वर नाही, आणि सरळ एका वेगाने न जाता वेग थोडा कमी-जास्त करत. पहिले ५०० किलोमीटर असंच चालवा आणि त्यानंतर तेल बदला, रिंगांनी खरडलेला चुरा त्यातच येतो. खिशात तीन पाने, एक प्लग, फिलर गेज आणि एक पुठ्ठा ठेवा. मिसळीच्या टेबलावर बसताना पुठ्ठा इंजिनखाली सरकवायचा. मिसळ संपवून आल्यावर थेंब मोजायचे आणि कुठल्या बाजूला पडलेत त्यावर पेनने खूण करायची. माझ्या पहिल्या पुठ्ठ्यावर अकरा होते, सगळे प्रायमरी चेनकेसच्या (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या खोक्याच्या) बाजूचे. घरी येऊन इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, मग हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासले. एक पुशरॉड सैल झाला होता.